इचोड्याच्या भट्टीखालचं मीठ

पिझ्झा वरून करपला होता आणि खालून कच्चा होता.

सुनीलने तो लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर घेऊन बाहेर काढला, उलटा केला आणि माझ्यापुढे धरला. तळ पांढराफटक. बोट लावलं तर कणीक बोटाला चिकटून आली. सकाळपासूनचा हा सातवा. आधीचे सहा हॉटेलमागच्या कुत्र्यांच्या वाट्याला गेले होते. सातव्याकडे तीसुद्धा फारशा उत्साहाने बघत नव्हती.

“राऊतसाहेब, वीट तुमची हाय, नकाशा माहा हाय,” सुनील म्हणाला. “आता सांगा, चूक कोणाची?”

“विटेत चूक नाही,” मी म्हणालो.

नोकरीत हे वाक्य मी इतक्यांदा बोललो होतो की ते तोंडातून आपोआप निघायचं.

मी फायर ब्रिक विकायचो. फायर ब्रिक म्हणजे आग सोसणारी वीट. साधी वीट रोजच्या जाळाने तडकते, भुगा होते. ही होत नाही. कंपनी नागपूरची, माझं घर आदिलाबादला, आणि सगळा आदिलाबाद जिल्हा माझ्याकडे. तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता. कारखान्यांचे बॉयलर, चुन्याच्या भट्ट्या, बेकऱ्या, जिथे आग तिथे मी. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. तोपर्यंत मी हजारो विटा विकल्या होत्या, पण पिझ्झा हा शब्द फक्त इंग्रजी मासिकात वाचला होता.

सुनील इचोड्याचाच. वडील नामदेवकाका, बाजारात किराणा दुकान. हा एकुलता एक पोरगा हॉटेलचं शिक्षण घेऊन परदेशी प्रवासी जहाजावर आचारी म्हणून लागला होता. सहा वर्षं तो पाण्यावरच होता. घरी यायचा वर्षातून एकदा, महिन्याभरासाठी. “पोट्टा घरी आला का पावणा आल्यासारखं वाटते,” असं काकू म्हणायच्या. काकू म्हणजे त्याची आई.

जहाज बंदराला लागलं की बाकीचे लोक बाजारात जायचे. सुनील पिझ्झा खायला जायचा. वाटेल तिथे नाही, नाव झालेल्या ठिकाणीच, आणि त्यातही जिथे लाकडावर भट्टी पेटते तिथे. नेपल्समध्ये म्हणे एका अरुंद गल्लीत तो भर उन्हात दोन तास रांगेत उभा राहिला होता. खाऊन झालं की तो मालकाला खाणाखुणा करून भट्टी दाखवायला सांगायचा. काहींनी हाकललं, काहींनी कौतुकाने दाखवली. त्याच्याकडे एक जाड वही होती. प्रत्येक भट्टीचं चित्र, घुमटाची उंची, तोंडाची रुंदी, धुराडं कुठे, लाकूड कोणत्या बाजूला. ती वही त्याने मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी चहा विसरलो. मी विटांतला माणूस. इतक्या प्रेमाने भट्टीकडे बघणारा दुसरा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

त्याला इचोड्याजवळ, हैदराबाद-नागपूर रस्त्यावर, तशी भट्टी हवी होती. बसा आणि ट्रका थांबतात, कारवाले थांबतात, पाच जण तरी खातील, असा त्याचा हिशेब. मी त्याला कंपनीची सगळ्यात भारी वीट दिली. मेस्त्री स्थानिक होता, हात साफ. भट्टी दिसायला अशी देखणी झाली की ट्रकवाले उतरून देऊळ समजून हात जोडायचे.

आणि ती भाजत नव्हती.

घोळ एवढाच असता तर मी सावकाश निस्तरला असता. पण मुंबईच्या एजंटाचा निरोप आला होता. जहाजावर जागा आहे, शनिवार संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवा. आज सोमवार. सुनीलने घरात सांगून टाकलं होतं, भट्टी चालली तर राहतो, नाहीतर जातो. ते ऐकून नामदेवकाका दुकानात जाऊन बसले होते. काकूंनी मात्र मला दारातच गाठलं.

“भाऊ, तुमी विटावाले ना? मंग भट्टी काऊन नाई भाजत?”

“बघतो काकू.”

“पाहा बाप्पा. शनिवार काई लांब नाई.”

मी एसटीडी बूथवरून नागपूरला साहेबांना फोन लावला.

“राऊत, विटा परत घ्यायच्या नाहीत,” साहेब म्हणाले. “लाकूड ओलं आहे म्हणून सांग.”

“लाकूड चांगलं वाळलेलं आहे साहेब. चिंचेचं आहे.”

“मग पीठ ओलं आहे म्हणून सांग.”

“पीठ ओलंच असतं साहेब.”

“तू वाद घालू नकोस,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

माझ्याकडे उष्णता मोजायचं मीटर होतं. लांब दांडी, तिच्या टोकाला तार, हातात काटा. घुमटाला लावलं की काटा उड्या मारायचा. खालच्या फरशीला लावलं की काटा वर चढायचा आणि पहिला पिझ्झा ठेवला की धपकन खाली यायचा. परत चढायला अर्धा तास घ्यायचा. वरून आग बरसते आणि खालून बूड गार. विटेच्या माहितीपत्रकात याचं उत्तर नव्हतं. मी ते दोनदा वाचलं.

तेव्हा मला निर्मळच्या उस्तादांची आठवण झाली.

निर्मळ लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध. पण आमच्यासारखे रस्त्यावर जगणारे लोक निर्मळला उतरत ते उस्तादांच्या नानसाठी. नान म्हणजे मैद्याची जाड, चौकोनी, चकचकीत पाठीची रोटी. हैदराबादहून नागपूरला जाणारा माणूस नातेवाइकांसाठी कागदात बांधून घेऊन जायचा. बसचे ड्रायव्हर तिथे न सांगता पाच मिनिटं जास्त थांबायचे आणि कुणी तक्रार करायचं नाही. मीही वर्षानुवर्षं तिथे खात होतो. पण उस्ताद माझी वीट घेत नसत, म्हणून त्यांच्या भट्टीकडे मी रागानेच पाठ फिरवून उभा राहायचो. गिऱ्हाईक नसलेल्या भट्टीत डोकावायचं नाही, हा सेल्समनचा ताठा.

मंगळवारी सुनीलला मोटारसायकलवर मागे बसवलं, घाट उतरलो आणि दुपारी निर्मळला पोचलो.

उस्ताद पन्नाशीचे, अंगावर बनियन, भुवया जळालेल्या. त्यांनी आम्हाला वर मान करून पाहिलंही नाही.

“नान होना तो लाइन में ठैरो.”

“नान नको, भट्टी बघायची आहे,” असं मी हिंदीत सांगितलं.

“भट्टी क्या सिनेमा है? ठैरो फिर.”

आम्ही थांबलो. आणि मी पहिल्यांदाच नीट बघितलं.

भट्टीच्या आत, फरशीवरच लाकूड जाळलेलं होतं. आता ज्वाळा नव्हती, नुसता निखारा. उस्तादांनी लोखंडी दांड्याने निखारे ओढून बाहेर काढले. लांब काठीला बांधलेलं ओलं पोतं आत फिरवलं. फस्सकन वाफ आली, राख निघाली, फरशी लख्ख झाली. मला वाटलं आता नान आत जाणार. नाही. त्यांनी तोंडावर लोखंडी झाकण लावलं आणि चक्क बाजूला जाऊन चहा प्यायले.

“काय करून राह्यले हे?” सुनीलने मला हळूच विचारलं. मला माहीत नव्हतं.

चहा संपल्यावर उस्तादांनी झाकण काढलं आणि चिमूटभर मैदा आत फरशीवर फेकला. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. मैदा आधी पिवळसर झाला, मग गव्हाच्या रंगाचा. काळा पडला नाही. मग त्यांनी उजवा हात कोपरापर्यंत आत घातला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत राहिले. हात काढला.

“हौ. अब.”

मी माझं मीटर काढलं आणि परवानगी विचारून फरशीला लावलं. मग घुमटाला लावलं. दोन्हीकडे काटा जवळपास एकाच जागी थांबला. मी मीटर बिघडलंय का म्हणून हापटून पाहिलं. मीटर ठीक होतं. त्या भट्टीत वरची आणि खालची आग एका मापाची होती, आणि ती साधायला त्या माणसाने चिमूटभर मैदा आणि आपला हात वापरला होता. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

त्यानंतर नान आत जात राहिले आणि बाहेर येत राहिले. एक खेप, दुसरी, तिसरी, चौथी. मध्ये लाकूड नाही, आग नाही. मी प्रत्येक खेपेनंतर मीटर लावत होतो. काटा हलायचा, पण पडायचा नाही. सुनीलने एक नान हातात घेऊन उलटा केला. तळाला सगळीकडे सारखा तपकिरी रंग. तो कितीतरी वेळ तो तळच बघत उभा राहिला.

“नेपल्सले पायलं होतं असं,” तो म्हणाला. “तिथूनबी मी घुमटच काढून आणला वहीत.”

“उस्ताद, वीट कोणती वापरता?” मी विचारलं. शेवटी धंदा धंदाच.

“ईंट? कोई भी.” त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “आप ईंटवाले ना? हर साल आते, मुँह फिराके नान खाते.”

त्यांनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि आम्हाला मागे नेलं.

मागे दुसरी भट्टी होती, जुनी, बंद. तिची फरशी उखडलेली. काही वर्षांनी खालचा थर बदलावा लागतो, तेच काम चाललं होतं. मी गुडघ्यांवर बसून आत डोकावलो. फरशीच्या खाली हातभर खड्डा. खड्ड्यात करड्या रंगाची, दगडासारखी घट्ट लादी. तिच्यात हिरवे, तपकिरी, पांढरे तुकडे अडकून चमकत होते. उस्तादांनी पहारीने एक ढेकूळ फोडून माझ्या हातात दिलं. मी जिभेला लावलं.

खारट.

“नमक,” उस्ताद म्हणाले. “नीचे रेती, उसपे काँच, उसपे नमक, फिर रेती, फिर ईंट. नमक आग खाके पत्थर बन जाता. तुमारी भट्टी के नीचे क्या है?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुनीलच्या वहीत इतक्या भट्ट्या होत्या, घुमट होते, धुराडी होती. फरशीच्या खालचं एकाही पानावर नव्हतं. त्याने कुणाला विचारलंच नव्हतं. आणि मी, विटांतला जाणकार, मीही विचारलं नव्हतं. आमच्या भट्टीच्या फरशीखाली मुरूम भरला होता. चौथऱ्यात सगळे भरतात तसा, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून.

“मुरूम,” मी म्हणालो.

उस्ताद हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

“कच्चा तो रहेगाच,” ते म्हणाले आणि पुढच्या भट्टीकडे निघून गेले.

ते मीठ आणि काच उष्णता धरून ठेवतात की खाली जाऊ देत नाहीत, यावर मी पुढे दोन इंजिनिअरांना तासभर भांडताना ऐकलं. मला त्यात पडायचं नाही. ओल्या जमिनीवर शेगडी ठेवली तर अर्धी आग जमीन पिते, एवढं कुणालाही कळतं. मला कळायला मात्र निर्मळला जावं लागलं.

बुधवारी सकाळी फरशी काढायची ठरली. घुमट पाडायचा नव्हता, म्हणजे भट्टीच्या तोंडातूनच आत शिरायला हवं. मेस्त्रीने स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि “लेदु सार,” म्हणजे नाही साहेब, असं तेलुगूत म्हणून बाजूला झाला. सुनील सहा वर्षं जहाजावरचं जेवून गुबगुबीत झालेला. राहिलो मी. शर्ट काढला आणि डोकं आधी घालून माझ्याच विटांच्या भट्टीत शिरलो.

आयुष्यभर भट्ट्यांसाठी विटा विकल्या, पण भट्टीच्या आत आडवा कधी पडलो नव्हतो. आत गार होतं. तोंडातून येणारा उजेड घुमटावर पसरला होता आणि प्रत्येक वीट दुसरीवर रेलून उभी होती, कशाचाही आधार नसताना. मेस्त्रीने ती एकेक करून लावली होती आणि मी ते काम रोज बघूनही पाहिलं नव्हतं. सुनीलने बाहेरून हाक मारली, “साहेब, झोपले का?” तेव्हा भानावर आलो.

फरशीच्या विटा सैल करून बाहेर दिल्या. खाली मुरूम खणला. मूठ भरून दाबला तर लाडू झाला. पावसाळा संपून महिना झाला होता, तरी आत ओल होती. आमच्या काळ्या मातीने तळातून पाणी वर ओढलं होतं. सोमवारपर्यंत सुनील जी आग जाळत होता, ती या ओलीला सुकवण्यात जात होती.

खड्डा तयार झाला. आता मीठ आणि काच. जाडं मीठ नामदेवकाकांच्या दुकानात पोत्यांनी होतं. रिकाम्या बाटल्या मागच्या पडवीत ढिगाने होत्या. सोपं काम, असं वाटून मी काकांकडे गेलो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग तराजू खाली ठेवला.

“नाई.”

“काका, अहो, शास्त्र आहे याच्यामागे.”

“असंल. मीठ म्हंजे लक्षुमी. तिले आगीखाली गाडू? अन् फुटकी काच आमी घरात दोन घटका ठेवत नाई. फुटली का लगेच बाहेर. चुलीखाली कायमची पुरून ठेवू? पोराचा धंदा सुरू होऊन राह्यला अन् तुमी बुडात फुटकी काच घालता?”

मी उष्णतेबद्दल बोललो. ओलीबद्दल बोललो. ढेकूळ दाखवलं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही.

“बाबा, मंग मी जातो,” सुनील म्हणाला. आवाज चढवला नाही. “एजंटाले हो म्हणतो.”

“जा,” काका म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, तराजूचं एक पारडं उगाच पुसत राहिले. मला तेव्हा कळलं की हा माणूस हट्टी नाही, घाबरलेला आहे. पोरगा राहावा हेच त्याला हवं होतं आणि म्हणूनच त्याला काही अशुभ नको होतं.

दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मीठ लक्षुमी हाय तं मंग भाजीत टाकून रोज आगीवर काऊन ठेवता?” त्या म्हणाल्या. “तव्हा नाई जळत लक्षुमी?”

“ते वेगळं.”

“अन् काच. या घरात सहा वर्सं झाले, एकबी काच फुटली नाई. मी फुटू देल्ली नाई. बशीसुद्दा नाई. मंग पोट्टं काऊन घरी नाई माह्यं?”



काकू पडवीत गेल्या. रिकामं पोतं घेतलं, त्यात सरबताच्या, औषधाच्या, तेलाच्या बाटल्या भरल्या. पोत्याचं तोंड गुंडाळलं. मी उचलायला पुढे झालो तर म्हणाल्या, “तुमी हात नका लावू. घरात फोडायची नाई ना? नाई फोडत.” आणि पोतं ओढत अंगणाच्याही पलीकडे, रस्त्याच्या कडेला नेलं. भर दुपार होती. समोरचा सायकल पंक्चरवाला, दोन ट्रकवाले, सगळे बघायला लागले. काकूंनी कपडे धुवायचं धोपाटणं उचललं आणि पोत्यावर हाणलं.

पहिल्या आवाजाला नामदेवकाकांनी दुकानात डोळे मिटले. काकू थांबल्या नाहीत. हाणत राहिल्या. सहा वर्षांचा सगळा जीव त्या धोपाटण्यात आला होता. घाम डोळ्यांत जात होता, पदर सुटला होता. कारखान्यांत मोठमोठे हातोडे चालताना मी पाहिले आहेत. त्यांच्यापुढे कधी असं गप्प व्हायला झालं नाही.

शेवटी त्यांनी पोतं हलवून आतला आवाज ऐकला. “बारीक झालं,” म्हणाल्या. “आता मीठ मोजा.”

काका उठले. जाड्या मिठाचं पोतं त्यांनी स्वतः पाठीवर घेतलं आणि भट्टीपर्यंत आणलं. मोजलं मात्र नाही.

रेती, काच, मीठ, रेती. प्रत्येक थर मी पोटावर पडून हाताने सारखा केला. वरून पुन्हा माझ्याच विटा, एकीला एक चिकटवून. गुरुवारी दुपारी बारीक जाळ केला. उस्तादांनी निघताना बजावलं होतं, नव्या बुडाला एकदम आग दाखवायची नाही. म्हणून गुरुवार, शुक्रवार नुसत्या काटक्या आणि निर्मळच्या खेळणी करणाऱ्यांकडून आणलेला हलक्या लाकडाचा चुरा. शनिवारी सकाळी चिंचेचं लाकूड.

दुपारी सुनीलने निखारे एका बाजूला सारले. पिझ्झ्याला निखारा आतच, कडेला ठेवतात. ओलं पोतं फिरवलं. मग आम्ही झाकण लावून बसलो. चहा मागवला, पण प्यायला कुणी नाही. झाकण काढून मी मैदा फेकला. पिवळसर, मग गव्हाचा रंग. मीटर पिशवीत होतं. मी काढलं नाही. हात आत घातला, जमेल तितका वेळ ठेवला आणि बाहेर काढला. “टाक,” म्हणालो.

सुनीलने पिझ्झा आत सरकवला. बारीक टोमॅटो, हैदराबादहून आणलेलं चीज, थोडं तेल. आम्ही चौघं तोंडाशी वाकलो. मेस्त्री पाचवा. कड हळूहळू उठली. फुगली. मधलं चीज उकळायला लागलं, कडेवर काळे ठिपके आले, सगळं डोळ्यांदेखत, दोन मिनिटांच्या आत. ज्वाळा घुमटावरून वळून त्याच्यावर उतरत होती.

सुनीलने तो बाहेर काढला आणि उलटा केला.

तळाला भाकरीसारखे तपकिरी चट्टे होते. काकूंनी नखाने टकटक केली. टक, टक, असा कोरडा आवाज आला.

“पापुद्रा सुटला,” काकू म्हणाल्या आणि एक तुकडा तोडून माझ्या हातावर ठेवला.

मी पहिला तुकडा खाल्ला. त्याची चव मला सांगता येत नाही. पुढे कामानिमित्त मुंबई-पुण्याला, एकदा गोव्याला गेलो, तेव्हा नाव झालेल्या लाकडी भट्टीचा पिझ्झा मुद्दाम शोधून खाल्ला. चांगला असायचा. पण कोणत्याच तुकड्याने डोळ्यांत पाणी आलं नाही. त्या दिवशी आलं, आणि ते धुराने नव्हतं.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. पिझ्झा इचोड्यात बेताचाच खपला. कारवाले खायचे, ट्रकवाले वासावर यायचे आणि रोटी मागायचे. सुनीलने त्याच भट्टीत पाव आणि नान सुरू केले आणि त्यावर हॉटेल उभं राहिलं. पिझ्झा त्याने बंद केला नाही. जहाजावरच्या त्याच्या मित्राने नेपल्सच्या त्या गल्लीतल्या मालकाला विचारून पत्र पाठवलं, की आमच्याही भट्टीखाली रेती आणि मीठच आहे, तुम्हाला कुणी सांगितलं? ते पत्र सुनीलने निर्मळला नेऊन उस्तादांना वाचून दाखवलं. “और क्या होगा?” एवढंच उस्ताद म्हणाले. साहेबांनी माझा रिपोर्ट वाचून विचारलं, “तू विटा विकतोस की मीठ?”

पण त्या शनिवारी अजून एक काम बाकी होतं. सुनीलचे हात कणकेत होते, तो पुढचा पिझ्झा थापत होता. एजंटाचं कुणाच्या लक्षात नव्हतं. नामदेवकाकांनी अर्धा पिझ्झा संपवला, हात धुतले, टोपी घातली आणि मला म्हणाले, “चला, नंबर लावून द्या.”

बूथवर मी मुंबईचा नंबर फिरवला. पलीकडून एजंट बोलल्यावर काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि मुंबई लांब आहे म्हणून मोठ्याने ओरडून सांगितलं, “साब, सुनील का बाप बोलता हूँ. लडका नहीं आयेंगा.”

पलीकडून बहुधा कारण विचारलं असावं. काकांनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. सहा वर्षांत पहिल्यांदाच ते कुणाला तरी आपल्या पोराबद्दल सांगत होते.

“उसकी भट्टी गरम है,” ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच, की गिऱ्हाइकाची भट्टी बघायला गेलं की घुमटाचं कौतुक नंतर करावं, आधी गुडघे टेकून खाली काय घातलंय ते विचारावं. पॅन्ट खराब होते, पण भागतं.